आजोबांच्या पायांवर बोललेला नवस

माझ्या दोन्ही शहाण्यांनो,

तुम्ही डिसेंबरात येणार आणि आजोबांना घेऊन त्या समुद्राकाठच्या डोंगरावर पुन्हा जाणार, असं तुमचं आणि त्यांचं फोनवर परस्पर ठरलं आहे. मला ते मेथी निवडताना कळलं. आजोबा फोन ठेवून स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, "पोरं म्हणतायत, या वेळीसुद्धा खालून चालतच जायचं." मी जुडी खाली ठेवली आणि त्याच दुपारी हे लिहायला घेतलं. तुम्ही तिकिटं काढायच्या आत हे तुमच्या हातात पडायला हवं.

आजोबांकडून तुम्ही ही गोष्ट पुष्कळदा ऐकली आहे. त्यांच्या सांगण्यात दर वर्षी जळवा मोठ्या होतात आणि त्यांना आलेली घेरी लहान होते. मागच्या खेपेला तर ते म्हणाले, "जरा बसलो, गूळ खाल्ला आणि उठलो." तुम्ही हसलात. मी फोनच्या पडद्याच्या कडेला होते, मी हसले नाही. ते खोटं सांगत नाहीत. त्या वेळचं त्यांना काही आठवतच नाही. आठवतं ते मला आणि अक्काआजीला, आणि अक्काआजी त्याबद्दल बोलत नाही.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं, आणि खरं सांगायचं तर मलाही. माझं सगळं शिक्षण सिस्टरांच्या शाळेत झालं, सरळ ओळीत विचार करायला मी त्याच भाषेत शिकले. पण त्या दिवशी डोंगरावर जे बोललं गेलं ते मराठीत, आणि थोडं आपल्या हैदराबादी उर्दूत. तेव्हा आईला शेजारी बसवा आणि सावकाश वाचा.

आधी नवसाचं सांगते. तुमच्या आजोबांच्या छातीचं ऑपरेशन झालं तेव्हा अक्का, म्हणजे त्यांची थोरली बहीण, दवाखान्याच्या जिन्यात बसून होत्या. आजोबांची आई लवकर गेली. नांदेडकडच्या गावाहून ते शिकायला हैदराबादेत आले तेव्हा सुलतान बाजारामागच्या खोलीत त्यांना रांधून घालायला अक्काच आल्या होत्या. त्यांचं स्वतःचं लग्न त्यामुळे लांबलं, हे घरात सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही. मीही त्यांना अक्काच म्हणते, वन्सं म्हणायची सवय मला कधी लागली नाही.

अक्कांच्या अंबरपेठेतल्या शेजारीणबाई कर्नाटकाच्या किनाऱ्याकडच्या. त्यांनी अक्कांना त्या डोंगरावरच्या देवीचं सांगितलं होतं. दाट रान, उभी चढण, माथ्यावर लहानसं दगडी देऊळ आणि समोर समुद्र. तिथे नवस फेडायचा तो पायी चढून, आणि दर्शन होईपर्यंत तोंडात अन्न घालायचं नाही, अशी रीत. जिन्यात बसून अक्कांनी नवस बोलला, "माझा भाऊ बाहेर येऊ दे. तो स्वतः पायी, उपाशी पोटी तुझ्या दारात येईल." ज्याच्या वतीने हे कबूल झालं तो त्या वेळी आत बेशुद्ध पडलेला होता.

आजोबा बरे झाले, हिंडूफिरू लागले, तेव्हा अक्कांनी हळूच विषय काढला.

"अक्का, नवस तू बोललीस आणि पाय माझे?" आजोबा म्हणाले.

"छाती पण तुझीच होती की. मी काय माझ्या छातीसाठी बोलले होते?"

"निदान लिफ्ट असलेली देवी तरी बघायची होतीस."

"थट्टा नको. देवीच्या बाबतीत थट्टा नको रे बाळ."

डॉक्टरांनी चालायला हरकत नाही म्हटलं, सावकाश, थांबत थांबत. मी दोन अटी घातल्या. सामान जीपने दुसऱ्या बाजूच्या रस्त्याने वर पाठवायचं, म्हणजे उतरताना सगळ्यांनी जीपमध्ये बसायचं. आणि आजोबांनी पोटभर खाऊन निघायचं, कारण त्यांना साखरेचा आजार आहे आणि सकाळची गोळी घेतल्यावर उपाशी राहणं म्हणजे खेळ नाही. अक्का म्हणाल्या, "बरं. त्याचा उपास मी करते. देवीला काय, घरातल्या कोणीतरी केला म्हणजे झालं." अक्का माझं इतक्या लवकर कधी ऐकत नाहीत. माझ्या ते लक्षात यायला हवं होतं, पण मी बॅग भरत होते.

दसरा उलटल्यावर आम्ही काचीगुडा स्टेशनावरून गाडीने निघालो आणि किनाऱ्याला उतरलो. डोंगराच्या पायथ्याशी एका घरात मुक्काम केला. सकाळी त्या घरच्या बाईंनी केळीच्या पानावर नीर डोसे वाढले, पातळ, जाळीदार, सोबत ओल्या नारळाची चटणी. जेवणाआधीची गोळी मी आजोबांच्या हातावर ठेवली, अक्काच म्हणाल्या, "घे, औषधाला नवस नसतो," आणि त्यांनी ती माझ्यासमोर गिळली. मग मी पडवीत जाऊन जळवांसाठी मिठाच्या पुरचुंड्या बांधत बसले. अक्का उपासाच्या, त्या आजोबांजवळ नुसत्या बसून होत्या. मी आत आले तेव्हा आजोबा हात धुऊन आले होते आणि त्यांचं पान समोर दुमडलेलं होतं.

पान दुमडलं म्हणजे जेवण झालं. ते दुमडलेलं पान कोणी उघडून बघत नाही. मीही बघितलं नाही. उलट मला बरं वाटलं.

साखर तपासायचं यंत्र मी जीपमधल्या पिशवीत ठेवलं, वर पोचल्यावर तपासू म्हणून. जवळच्या झोळीत पाण्याच्या बाटल्या, एकीत ग्लुकोज कालवलेलं, छत्री, मीठ, आणि छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची गोळी. अक्कांच्या खांद्याला त्यांची कापडी पिशवी होती, तीत देवीची ओटी आणि नैवेद्याचा गूळ-खोबऱ्याचा डबा. त्या अनवाणी होत्या.

वाट पहिल्यापासूनच चढाची. पाऊस संपला होता असं म्हणायचं, पण त्या रानात तो संपत नाही. झाडं इतकी उंच की आभाळ तुकड्यातुकड्याने दिसतं, आणि वर कधीतरी पडलेलं पाणी अजून पानापानावरून खाली येत असतं. वाट म्हणजे मातीत रुतलेली मुळं, मुळांच्या पायऱ्या, त्यांवर शेवाळ. बाजूला वेताची काटेरी जाळी, तिला हात लावायची सोय नाही. मोठ्या झाडांची खोडं खाली भिंतींसारखी पसरलेली. एकीकडून पाण्याचा आवाज येई, पण पाणी दिसत नसे. जळवा मात्र दिसत होत्या. पानाच्या टोकावर उभ्या राहून त्या आमच्याकडे वळायच्या.

सुरुवातीला आजोबा मजेत होते. मागून एक तरुण जोडपं आलं, पाठीवर पिशव्या, हातात काठ्या. आमचं बोलणं ऐकून ती मुलगी थांबली. "आंटी, हैदराबादा? मेमु कूडा!" म्हणजे तीही आपल्याच गावची. मुलाने आजोबांना विचारलं, सोबत चालू का. आजोबा म्हणाले, "तुम जाओ जी, हम आते. पहाड़ कां भागरा?" दोघं हसत पुढे गेली. थोडा वेळ त्यांचा आवाज वरून ऐकू येत होता, मग रानाने तो गिळला. वाटेवर आमच्याशिवाय कोणी उरलं नाही.

पुढे चढ आणखी उभा झाला. एका बाजूला ओला कातळ, दुसऱ्या बाजूला नेच्याची हिरवी गादी. छत्रीचं टोक मी त्या गादीत खुपसून पाहिलं, ते आत आत गेलं. खाली जमीन नव्हतीच. मी आजोबांना म्हटलं, "अहो, कातळाच्या बाजूने चला." त्यांनी उत्तर दिलं नाही. मला वाटलं दम लागला असेल.

थोड्या वेळाने मी पुन्हा बोलले, तेव्हा ते एकदम खेकसले, "कळतं मला!" तुमचे आजोबा माझ्यावर खेकसत नाहीत. टोमणे मारतात, रुसतात, पण खेकसत नाहीत. मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. शर्ट पाठीला चिकटला होता. आमचेही चिकटले होते, पण त्यांच्या कपाळावर घाम कसा मोठ्या थेंबांनी उभा होता. मी हात धरला. हात गार होता आणि कापत होता.

"बसा जरा."

ते बसले नाहीत. माझा हात झटकून पुढे निघाले आणि पाऊल टाकलं ते नेच्याच्या बाजूला. मी त्यांच्या शर्टाची पाठ धरून ओढलं. ते वळले, माझ्याकडे बघून ओळखीचं हसले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "मेडम, साहब लंच पे गए. कल आव."

मी क्षणभर हसले. मला वाटलं, चेष्टा करतात. त्यांनी जन्म सरकारी कचेरीत काढलेला, अशा नकला ते घरी करत. मग ते पुन्हा म्हणाले, "कल आव, मेडम. फाइल मिलती नै," आणि त्यांचे डोळे माझ्यावर नव्हते. माझ्या मागे कुठेतरी होते.

साखर उतरली की माणूस असा वागतो, हे मला माहीत होतं. पण त्यांनी खाल्लं होतं. पान मी पाहिलं होतं. मग उरली छाती, नाहीतर मेंदू. मी त्यांना कातळाला टेकवून खाली बसवलं, त्यांच्या आणि नेच्याच्या मधे मी स्वतः बसले. फोन काढला, त्यावर एक रेघ नव्हती. मोठ्याने हाक मारली, त्या जोडप्याला, कोणालाही. ओल्या रानात हाक लांब जात नाही.

"छातीत दुखतंय का? अहो, माझ्याकडे बघा. दुखतंय का?"

"लंच के बाद," ते म्हणाले.

मी झोळीतून ती जिभेखालची गोळी काढली. पाकिटातून सुटत नव्हती, मी ते दातांनी फाडलं. सुटली. मी त्यांची हनुवटी धरली. तेवढ्यात अक्कांनी माझं मनगट पकडलं.

मी त्यांच्याकडे पाहिलं. इतका वेळ त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या, हे मला तेव्हा जाणवलं. भावाची ही दशा आणि अक्का गप्प, हे शक्यच नव्हतं. त्या कातळाला पाठ लावून उभ्या होत्या, पायावर जळू लागून रक्ताची धार वाहत होती, तिच्याकडेही त्यांचं लक्ष नव्हतं.

"तोंडात काही घालू नको त्याच्या."

"अक्का, सोडा हात. छातीची गोळी आहे."

"नको वहिनी."

"औषधाला नवस नसतो, तुम्हीच सकाळी म्हणालात!"

त्यांनी हात सोडला नाही.  त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. एखाद्याने ओझं डोक्यावर धरलेलं असावं आणि ते ठेवायला जागा मिळू नये, तसा. मी आवाज चढवला. अक्कांशी मी आयुष्यात कधी आवाज चढवून बोलले नव्हते.

"काय लपवताय? बोला! माणूस जातोय माझ्या हातातून!"

"त्याने खाल्लं नाही," अक्का म्हणाल्या. "सकाळी काही खाल्लं नाही त्याने. मीच म्हटलं, पान दुमड, ती नाही बघणार."

 रागवायलाही वेळ नव्हता. मी ती गोळी फेकून दिली. पुढे डॉक्टर म्हणाले की ती त्या वेळी दिली असती तर आहे ते बिघडलं असतं. तेव्हा मला एवढंच कळलं की आता यांना साखर हवी आणि ती लवकर हवी.

ग्लुकोजची बाटली मी त्यांच्या ओठाला लावली. त्यांनी दात घट्ट मिटले. पाणी हनुवटीवरून छातीवर गेलं. पुन्हा लावली. त्यांनी मान फिरवली आणि हाताने बाटली अशी उडवली की ती कातळावर आपटली. पडली तेव्हा झाकण नव्हतं. मी झडप घालून उचलली, निम्मं पाणी मातीत गेलं होतं. निम्मं उरलं होतं.

"तोंड उघडा. तुमच्या पाया पडते, उघडा."

"दर्शन," ते म्हणाले. इतक्या वेळात त्यांच्या तोंडून आलेला हा पहिला मराठी शब्द. "दर्शन नै हुआ. अक्काला विचार." आणि ओठ पुन्हा मिटले.

माणसाच्या डोक्यातून बायको गेली, रान गेलं, दिवस कुठला ते गेलं, पण बहिणीला दिलेला शब्द गेला नाही. मी त्यांचा जबडा दाबून पाहिला. अशा वेळी माणसाला कसली ताकद येते कोण जाणे. मला ते उघडेनात. त्यांची मान हळूहळू एका बाजूला कलायला लागली होती. शुद्ध गेली तर तोंडात काही घालणंही संपलं, हे मला ठाऊक होतं. मी अक्कांना म्हटलं, "तुम्ही सांगा त्यांना. नवस सोडला म्हणून सांगा."

अक्का खाली बसल्या. "मी सोडला म्हणून कसा सुटेल? माझा आहे का तो? मोडला तर देवी ज्याचा जीव दिला त्याचाच परत घेईल."

"आत्ता कोण घेतंय मग?"

त्यावर त्यांनी डोळे मिटले.  मग त्यांनी साध्या पाण्याच्या बाटलीने हात धुतले. देवाजवळ जाताना धुतात तसे, मनगटापर्यंत. पिशवीतून डबा काढला. देवीला दाखवायचा नैवेद्य, घरून निघाल्यापासून त्यांनी तो मला हातसुद्धा लावू दिला नव्हता. त्यांनी झाकण उघडलं, गुळाचा खडा मोडला आणि कपाळाला लावला. मग भावाच्या अगदी तोंडासमोर जाऊन, आवाज बदलून, लहान मुलाला गर्दीत उचलून देव दाखवतात तशा म्हणाल्या,

"बाळ, झालं बघ दर्शन. केवढी प्रसन्न आहे देवी! नमस्कार केलास ना? आता प्रसाद घे."

आणि आजोबांचे हात उठले. डोळे कुठेतरी, मान कललेली, पण उजवा हात डाव्या हातावर आला, ओंजळ झाली, मान त्या ओंजळीवर लवली. त्या हातांना बाकी काही कळत नव्हतं, हे कळत होतं. प्रसादाला आपल्याकडे कोणी नाही म्हणत नाही. अक्कांनी खडा ओंजळीत ठेवला, हात इतके थरथरत होते की तो निसटत होता. त्यांनीच तो धरून तोंडाशी नेला. ओठ उघडले.

"चघळ. हं. आणखी घे. देवीने तुला जास्तच दिलाय."

मी उरलेली ग्लुकोजची बाटली हातात घेतली. मलाही शब्द सुचला. "हे तीर्थ," मी म्हटलं. त्यांनी लगेच तळहात पुढे केला. मी थोडं ओतलं. ते प्यायले आणि ओला हात डोक्यावरून फिरवला. मी पुन्हा ओतलं. पुन्हा प्यायले, पुन्हा हात डोक्यावर. बाटली संपेपर्यंत आम्ही दोघी त्यांना तीर्थ आणि प्रसाद देत राहिलो, त्या चिखलात, आळीपाळीने. अक्कांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाजात ते उतरू न देता त्या देवीचं वर्णन करत होत्या. कुठल्या रंगाची साडी, कसली नथ. देवी त्यांनी तोवर पाहिलेली नव्हती.

मग थांबणं आलं. गूळ पोटात गेला म्हणजे माणूस लगेच उठून बसत नाही. मी त्यांची नाडी धरून बसले. वरून ढग उतरला आणि समोरचं झाड दिसेनासं झालं. अक्का पुटपुटत होत्या, आधी मला वाटलं जप आहे. मग ऐकू आलं, "माझं घे, माझं घे."

आधी घाम थांबला. मग त्यांनी मान सरळ केली, आजूबाजूला पाहिलं, स्वतःच्या चिकट हातांकडे पाहिलं आणि मराठीत विचारलं, "माझा शर्ट का ओला केलास?"

 अक्कांनी पदर तोंडावर घेतला.

"झालं काय? दोघी अशा काय बसलात?"

"तुम्ही पान दुमडलंत," मी म्हटलं.

 मग अक्कांकडे एकदा बघून मला हळू आवाजात म्हणाले, "तिने कधी काही मागितलं नव्हतं गं माझ्याकडे."

पुढे काय करायचं हे मीच ठरवलं, दोघांनाही विचारलं नाही. खाली जायचं तर तीच निसरडी मुळं उतरायची, आणि खाली वाहन नव्हतं. वर जीप होती, यंत्र होतं, जेवण होतं. वरचा टप्पा आता कमी उरला होता. डब्यातलं उरलेलं खोबरं आणि गूळ मी त्यांना तिथेच संपवायला लावलं. रिकामा डबा अक्कांनी पिशवीत टाकला. मग आम्ही निघालो. पुढे अक्का, मधे आजोबा, मागे मी, त्यांच्या पट्ट्यात माझी बोटं अडकवलेली. दर वळणावर मी त्यांना काहीतरी विचारत होते, आपल्या गल्लीतली दुकानं क्रमाने सांगा, कचेरीतले साहेब सांगा. ते चुकले की मी त्यांना थांबवून कपाळावरचा घाम बघायचे. एकदा मुद्दाम चुकले. तेव्हा मी त्यांना मागून एक गुद्दा घातला, हे त्यांनी तुम्हाला सांगितलेलं नाही.

झाडं बुटकी होत गेली, मग एकदम संपली. वारा अंगावर आला. माथ्यावर गवत, त्यात ते काळ्या दगडाचं लहानसं देऊळ, आणि पलीकडे जीप उभी. ते तरुण जोडपं तिथे होतं. आमची कळा बघून मुलगी धावत आली, त्यांच्याजवळची केळी तिने आजोबांच्या हातात दिली. मी यंत्रावर बोट टोचलं. आकडा ठीक होता. मग कुठे मी मान वर करून पाहिलं. ढग फाटला होता, आणि आम्ही ज्या रानातून आलो ते सगळं पायाखाली हिरवं, आणि त्याच्या टोकाला समुद्र. मला वाटलं होतं निळा असेल. तो राखाडी होता, आभाळापासून वेगळा काढता येत नव्हता.

आजोबा देवळात गेले, मीही गेले. अक्का आल्या नाहीत. देवळाकडे पाठ करून दगडावर बसल्या होत्या.

आजोबा बाहेर येऊन त्यांच्याजवळ बसले. "चल अक्का. एवढी पायपीट केलीस."

"कोणत्या तोंडाने येऊ? तिच्या नावाने खोटं बोलले मी. तिचा नैवेद्य उष्टा केला."

"खोटं कुठे? प्रसाद जरा आगाऊ घेतला, एवढंच. दर्शन झालं की नाही शेवटी?"

अक्का हसल्या नाहीत. मी त्यांच्या पायाला मीठ लावत होते, जळवा अजून चिकटलेल्या होत्या. मी म्हटलं, "अक्का, तुम्ही बोलला नसतात तर आज आपण यांना इथे आणलं नसतं."

"बोलले नसते तर नवस पुरा झाला असता," त्या म्हणाल्या.

"आणि हे?"

त्यांनी समुद्राकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "म्हणून तर बोलले." ओटी त्यांनी माझ्याकडे दिली. मी ती देवीची भरली. मला त्यातलं काही नीट येत नव्हतं, बांगड्या आधी की खण आधी. आतून मी विचारलं आणि बाहेरून, पाठ न वळवता, अक्कांनी सांगितलं.

हे सगळं तुम्हाला का सांगितलं, तर तुम्हाला त्या डोंगरावर जायला सुचवलं ते आजोबांनी एकट्याने नाही. मागच्या रविवारी अक्काआजीने तुम्हाला फोन करून सांगितलं, "त्याला एकदा नीट वर न्या रे पोरांनो," हे मला तुमच्या आईकडून कळलं. त्या "नीट"चा अर्थ तुम्हाला कळला नसेल. मला कळला: पायी, आणि दर्शन होईपर्यंत उपाशी. इतकी वर्षं झाली, पण आजोबांना साधा खोकला झाला तरी अक्का अंबरपेठेहून रिक्षा करून येतात, उंबऱ्यातून त्यांना बघतात आणि मगच चपला काढतात. त्यांच्या मनात अजून कोणीतरी तो जीव परत न्यायला दाराशी वाट बघत उभं आहे. मी त्यांना समजवायचा प्रयत्न सोडून दिला आहे. त्या दिवशी डोंगरावर माझ्या समजुतीने काही झालं नव्हतं. जे झालं ते त्यांच्या समजुतीनेच झालं, आणि ते करताना त्यांना किती जड गेलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

तेव्हा जायचं की नाही, हे डिसेंबरात आपण सगळे समोरासमोर बसून ठरवू. अक्काआजीलाही बोलवू. चोरून कोणी काही ठरवायचं नाही, एवढीच माझी या वेळची अट आहे.

आज सकाळी आजोबा चहा, पोळी खाऊन, माझ्यादेखत खाऊन, बहिणीकडे चालत गेले आहेत. अक्कांच्या मते तो नवस अजून फिटलेला नाही. पण आजोबा आहेत.